एकवीस नंबरची ओ

१

दुपारची जेवणं उरकली की नकाशेवाले आधी बायकोचं तोंड ओल्या फडक्याने पुसत, मग तिची खुर्ची खिडकीकडून वळवून टेबलासमोर आणत, आणि मग संगणक सुरू करत. क्रम ठरलेला होता. इमारतींचे नकाशे काढण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला क्रमाशिवाय चैन पडत नाही. शेजारीपाजारी त्यांना नकाशेवालेच म्हणत. खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं होतं.

बायकोची वाचा गेली होती. थंडी ओसरत असताना एका सकाळी केस विंचरता विंचरता ती खाली बसली, आणि उठली ती उजवं अंग आणि बोलणं तिथेच ठेवून. पाय पुढे थोडा परतला. हात परतला नाही. बोलणं तर नाहीच नाही. आधी ती इतकी बोलायची की नकाशेवाले पेन्सिल थांबवून म्हणत, अगं, जरा दम घे, माझी रेघ वाकडी जातेय. आता घर असं गप्प झालं होतं की रेघ कधीच वाकडी जात नव्हती, आणि सरळ रेघ बघून ते पेन्सिल खाली ठेवत.

तिला बोलायला शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या गावी असत आणि दुपारी पडद्यावरून येत. नकाशेवाल्यांनी मनातल्या मनात त्यांचं नाव वाचाबाई ठेवलं होतं. स्वभावाने मायाळू, पण बोलणं रोखठोक. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं होतं की जे परततं ते बहुतेक पहिल्या वर्षातच परततं. पुढे आशा ठेवावी, पण फार ठेवू नये. त्या वर्षातला मोठा हिस्सा सरला होता. म्हणून दुपारचा तो तास बुडू द्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट नकाशेवाल्यांनी गाठीला बांधली होती.

त्या दुपारी पडद्याच्या कोपऱ्यात, जिथे नेट जोडल्याची खूण असते, तिथे नुसतं उद्गारचिन्ह होतं.

२

घरातल्या दोन्ही संगणकांवर त्यांनी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली होती. कुणी शिकवलं नव्हतं. थोडं वाचायचं, थोडं मोडायचं, मोडलेलं निस्तरायचं, असं करत शिकले. त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, घरोघरी इंटरनेटच्या तारा ओढायचं काम करी. तो यावरून त्यांची नेहमी फिरकी घेई. म्हणे, भावजींचं सगळं फुकट ते पौष्टिक.

उद्गारचिन्ह बघून ते गडबडले नाहीत. तार काढून पुन्हा बसवली. चपलांच्या कपाटावर ठेवलेला राउटर बंद करून चालू केला. मग नेटवर्कच्या सेटिंगमध्ये शिरले.

इथे त्यांची एक सवय सांगायला हवी. घरातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर एक पत्ता लागतो, आणि तो राउटर आपला आपण वाटून देतो. बाकीची दुनिया यावर समाधानी असते. नकाशेवाल्यांना ते पटत नसे. कुठल्या यंत्राने कुठल्या नंबरवर राहायचं हे ते स्वतः ठरवून हाताने लिहीत, आराखड्यात खोल्यांना नंबर घालावेत तसे. आणि मधला नंबर रिकामा ठेवणं त्यांच्या हातून होत नसे. एखादी खोली रद्द झाली की तिचा नंबर लगेच दुसरीला देऊन टाकत. नंबर गाळला की मिस्त्री ती नसलेली खोली शोधत बसतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

एकवीस नंबर पूर्वी बायकोच्या लॅपटॉपचा होता. त्याची बॅटरी फुगली आणि तो भंगारात गेला. थोड्याच दिवसांनी तिला हे आजारपण आलं. वाचाबाईंच्या तासासाठी आतल्या खोलीत जुना संगणक मांडला, तेव्हा एकवीस मोकळाच होता. त्यांनी तो त्याला देऊन टाकला. इतके महिने बिनतक्रार चाललं होतं.

आता पडद्यावर सरळ शब्दांत लिहून आलं होतं की हा पत्ता आधीच दुसऱ्या कुणाच्या वापरात आहे.

नकाशेवाले जरासे चिडले. घरात यंत्रं तरी किती? बाहेरच्या खोलीतला त्यांचा संगणक, आतला हा, दोन फोन आणि एक छपाईयंत्र. त्यांनी एकेक करून बाकीची सगळी बंद केली. तरी तेच. जागा अडलेली. तासाची वेळ होत आली, म्हणून त्यांनी आतल्या संगणकाला तात्पुरता दुसरा नंबर दिला, आणि नेट चुटकीसरशी आलं.

वाचाबाई पडद्यावर येऊन ओठ गोल करत, मान हलवत, हसत शिकवत राहिल्या. बायको त्यांच्याकडे रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी गाडीकडे बघावं तशी बघत राहिली. शेवटी नकाशेवाल्यांना बाजूला घ्यावं तसा आवाज उतरवून बाई म्हणाल्या की घरी सराव वाढवा, दिवस जातायत. त्यांनी मान हलवली. पण मान हलवताना निम्म्या डोक्यात एकवीस नंबर होता, आणि त्याची त्यांना नंतर लाज वाटली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला आतल्या खोलीत खिडकीपाशी बसवून ते बाहेरच्या खोलीत आपल्या टेबलाशी आले. टर्मिनलची, म्हणजे संगणकाला हुकूम लिहून द्यायची, काळी खिडकी उघडली आणि एकवीसला पिंग लावलं.

पिंग म्हणजे हाक. एका पत्त्याला उद्देशून मारायची. तिथे कुणी असलं तर ते ओ देतं, आणि हाक गेल्यापासून ओ येईपर्यंत किती वेळ लागला ते पडद्यावर उमटतं. कोण आहे, कशाला आहे, हे त्यातून कळत नाही. आहे, एवढंच कळतं. थांबवली नाही तर लिनक्सवर ही हाक दर सेकंदाला जात राहते.

ओळी उमटू लागल्या. एकवीसवर कुणीतरी होतं.

विचित्र होतं ते वेळेचं. घरातल्या घरात हाक मारली की उत्तर पापणी लवायच्या आत येतं. इथे प्रत्येक ओ रेंगाळत येत होती, समुद्रापलीकडच्या यंत्राकडून यावी तशी. पत्ता घरातला, आणि अंतर मात्र परमुलुखाचं. राउटर म्हातारा झाला असावा, असं त्यांनी स्वतःला समजावलं. हाका तशाच चालू ठेवून ते चहाचं आधण ठेवायला उठले.

पाणी उकळायच्या बेताला आलं होतं. गॅसची बारीक शीळ, नळाखालच्या बादलीत पडणारं थेंब थेंब पाणी, आणि त्यांच्या मधून एक आवाज येऊ लागला. आधी त्यांना वाटलं वरच्या मजल्यावर कुणी लाकडी काहीतरी सरकवतंय. मग वाटलं कबुतर. मग हातातला डबा ओट्यावर ठेवून ते उभ्या उभ्या गार पडले.

"ओ," आतल्या खोलीतून आलं. आणि जरा वेळाने पुन्हा, "ओ."

ते धावले. पन्नाशी उलटलेला माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटून आत गेला. बायको खुर्चीत होती, तोंड खिडकीकडे. ओठ गोल झाले होते. इतक्या महिन्यांत जे जमलं नव्हतं ते अगदी सहज झालं होतं.

"ओ."

नकाशेवाले तिच्या पायाशी बसले. तिचा डावा, धड असलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकून पोटभर रडले. ती त्यांच्या डोक्यावरून बघत म्हणत राहिली, "ओ. ओ. ओ."

४

मेहुण्याला फोन केला. वाचाबाईंना केला. त्यांनी लगेच पडद्यावर यायचं कबूल केलं. नकाशेवाल्यांनी चहाचं करपलेलं भांडं उतरवलं, बाहेर येऊन सवयीने काळी खिडकी बंद केली, आणि बायकोला टेबलासमोर आणलं.

वाचाबाई आल्या. अर्धा तास थांबल्या. बायकोने तोंडातून श्वाससुद्धा ऐकू येईल असा काढला नाही. होतं असं, बाई समजुतीने म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजातली ती समजूत नकाशेवाल्यांना चांगली ओळखीची होती. खोटी आशा लावून बसलेल्या नातेवाइकाला डॉक्टर देतात ती.

संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, त्यांना एक शंका आली. शंका इतकी खुळी होती की तिच्याकडे बघायलाही त्यांना संकोच वाटला. ते बाहेरच्या खोलीत गेले, मागे वळून एकदा दाराकडे बघितलं, आणि एकवीसला पिंग लावलं.

आतून आलं, "ओ."

थांबवलं. शांत.

लावलं. "ओ."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, असं म्हणावं तर किती कावळे आणि किती फांद्या? त्यांचं डोकं हिशेबी होतं. ते कारणं शोधू लागलं. संगणकाची घरघर तिला ऐकू जात असेल. त्यांनी मधलं दार लावलं. पंखा मोठा केला. "ओ." पडद्याची उघडझाप दाराच्या फटीतून दिसत असेल. त्यांनी पडदा विझवला. "ओ." हाकांमधलं अंतर वाढवलं, तर आतली ओसुद्धा तेवढीच लांबली. आणि प्रत्येक ओ हाकेबरोबर येत नव्हती. जरा थांबून येत होती. पडद्यावर जेवढा वेळ उमटे, तेवढं.

त्यांनी हात खाली ठेवले. खोलीत अंधारून आलं होतं आणि दिवा लावायला उठवत नव्हतं.

मग हळूहळू एक विचार त्यांच्या मनात येऊन बसला, मांजर येऊन मांडीवर बसावं तसा. औषध कशाचं केलंय हे रोग्याने विचारायचं नसतं. कुणाला गाण्याने वाचा येते, कुणाला प्रार्थनेने. हिला याने येतेय. वर्ष सरत चाललंय. आपल्याला कारण कळलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

दुसऱ्या दिवशीच्या तासाला त्यांनी बाहेरच्या खोलीत हाका चालू ठेवूनच वाचाबाईंना पडद्यावर बोलावलं. बायकोने ओ दिली. बाईंनी टाळ्या वाजवल्या, चष्मा काढून डोळे पुसले. तुम्ही जे काही करताय ते सोडू नका, म्हणाल्या. एक शब्द आला की दुसरा येतो.

५

मग तो दिवसाचा क्रमच झाला. सकाळी थोडा वेळ, दुपारी तासाला, कधी संध्याकाळीही. ओ दिवसेंदिवस सुधारत गेली. पहिल्या दिवशी ती घोगरी होती, विहिरीच्या तळातून यावी तशी. पुढे मोकळी झाली. मग तिच्यात बायकोचा जुना आवाज ओळखू येऊ लागला. स्वयंपाकघरात असताना बाहेरून कुणी हाक मारली की द्यायची, तो.

पडद्यावरचा वेळही कमी होत चालला होता. समुद्रापलीकडचं अंतर आता दुसऱ्या शहराएवढं राहिलं होतं, मग या शहराएवढं झालं. राउटर सुधारला असेल, असं ते मनाशी म्हणत. दोन्ही गोष्टी बरोबरीने चालल्यात हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. ते तिकडे बघत नव्हते.

मेहुणा आला तो रविवारी सकाळी, कमरेला पकड आणि खांद्यावर तारेचं वेटोळं घेऊन. ताईला भेटण्याआधी राउटर बघतो म्हणाला. आपल्या फोनवर राउटरची यादी उघडून त्याने वरखाली केली.

"भावजी, एकवीसला कुणी नाही."

"ओ येतेय ना. हे बघ."

मेहुण्याने पडद्यावर धावणाऱ्या ओळी बघितल्या. आतून येणारा आवाज त्याला ऐकू आला असावा, पण त्याने त्याचा याच्याशी संबंध लावला नाही. तो कशाला लावेल? तुमच्या पौष्टिक यंत्राला भास होतायत, तो म्हणाला. मग चपलांच्या कपाटाकडे जाऊन त्याने राउटरमधून संगणकाची तार उपटली. नकाशेवाल्यांच्या संगणकाला बिनतारी नेट नव्हतंच. त्या तारेवाचून तो जगापासून तुटलेला होता.

ओळी धावत राहिल्या.

"तार माझ्या हातात आहे, भावजी," मेहुणा म्हणाला. त्याच्या तोंडावर चेष्टेचं हसू अजून होतं, काढून ठेवायचं राहून गेल्यासारखं. "ही बघा. टोक माझ्या हातात आहे."

"ओ," आतून आलं. "ओ."

मेहुणा तार तशीच हातात धरून आतल्या खोलीत गेला. नकाशेवाले टेबलाशी बसून राहिले. ताई, मी आलोय, असं त्याने म्हटलेलं ऐकू आलं. मग फक्त ठरावीक अंतराने ती ओ. तो परत आला तेव्हा चेहऱ्यावरचं ते हसू गेलेलं होतं.

"बंद करा हे."

नकाशेवाल्यांनी कळ दाबली. घर गप्प झालं.

"किती दिवस चाललंय?"

त्यांनी सांगितलं. सगळंच सांगितलं, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. मेहुण्याने ऐकून घेतलं. त्याने वेड्यात काढावं अशी नकाशेवाल्यांची फार इच्छा होती, पण त्याने काढलं नाही.

"भावजी, ती तुम्हाला ओ देत नाहीये."

"मग कुणाला देतेय?"

"ते मला ठाऊक नाही. पण मी तिच्या पुढ्यात बसलो होतो. लहानपणी आई रागावून हाका मारायची ना, तेव्हा ताई अशीच ओ द्यायची. जायचं नसायचं तिला. पण ओ न देऊन सांगते कुणाला." त्याने तारेचं टोक टेबलावर ठेवलं. "परत लावू नका. शपथ आहे तुम्हाला."

नकाशेवाल्यांनी मान हलवली. मेहुण्याने चहा घेतला नाही. खाली उतरल्यावर नेहमीसारखा वळून खिडकीकडे हातही केला नाही.

६

दोन दिवस त्यांनी शब्द पाळला. ते दोन दिवस घरात कुणी गेल्यानंतर पसरते तशी शांतता होती. दुपारी वाचाबाईंसमोर बायको दगडासारखी बसली. बाई धीर देत म्हणाल्या की मागे जातं कधीकधी, पण फार मागे जाऊ देऊ नका. आता हातातून सुटलं तर पुन्हा धरणं अवघड.

सुटलं तर. नकाशेवाल्यांनी बायकोकडे बघितलं. तिचे ओठ फाटले होते. डोळ्यांखाली काळं धरलं होतं. ओ देत असताना ती घास गिळायची थांबे, हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि त्यांनी ते बाजूला सारलं होतं. तरीही तो आवाज तिचा होता. सबंध आयुष्य ज्या आवाजाला ते थोडं गप्प बस म्हणत आले, तो हा आवाज. तो पुन्हा कानावर पडावा म्हणून शपथ मोडणं हे पाप असेल तर असू दे, असं त्यांनी ठरवलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं खिडकीतून आत आलेली असताना, पिंग लावलं.

"ओ."

वेळेच्या जागी आता जवळजवळ काहीच उमटत नव्हतं. हाक आणि ओ एकमेकींना चिकटल्या होत्या. घरातल्या घरात.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. किती स्पष्ट होता आवाज. ते ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता त्यांच्या हिशेबी कानाला काहीतरी खुपलं. दर सेकंदाला एक हाक. पण आतून येणाऱ्या ओ जास्त होत्या. दोन हाकांच्या मध्ये आणखी एक. मग मध्ये दोन.

त्यांनी पिंग थांबवलं.

"ओ," आतून आलं. "ओ. ओ."

काळ्या खिडकीत चौकोनी ठिपका लुकलुकत होता, पुढच्या हुकमाची वाट बघत. त्यांच्याकडून एकही हाक जात नव्हती. त्यांनी संगणक बंद केला. ओ चालूच. राउटरची पिन खेचली. चालूच. आता दोन ओंमध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती, आणि त्या आवाजात एक नवीन गोष्ट आली होती. जो माणूस दाराशी येऊन उभा राहिलाय त्याला देतात तशी ती ओ झाली होती, बारीक आणि तोंडातल्या तोंडात.

नकाशेवाले पळत गेले. जिन्याजवळच्या कोनाड्यात घराच्या विजेची मुख्य कळ होती. तिच्यावर हात ठेवून ते क्षणभर थांबले. कळ ओढली आणि ती गप्प झाली, तर ती कायमची गप्प होणार हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या एका अक्षरापलीकडे तिच्याजवळ काही नव्हतं, आणि त्यांच्याजवळही.

"ओ," आतून आलं, जेमतेम.

त्यांनी कळ ओढली.

७

पंखा फिरत फिरत थांबला. फ्रिजची घरघर खोल जाऊन विझली. एवढे आवाज घरात होते हे ते बंद झाल्यावरच कळलं. खाली रस्त्यावर कुणीतरी झाडत होतं. तेवढाच खराटा ऐकू येत होता, आणि मग तोही थांबला.

ओ नव्हती.

नकाशेवाले आत आले. उन्हाचा पट्टा फरशीवरून खुर्चीपर्यंत गेला होता. बायको मान खाली घालून धापा टाकत होती. ते तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि तिच्या हनुवटीवरची लाळ हाताने पुसली. चुकलो, ते म्हणाले. आता नाही. आता काही बोलू नकोस, बोलली नाहीस तरी चालेल.

तिने मान वर केली आणि त्यांच्याकडे बघितलं.

डोक्यावरून नाही, आरपार नाही, त्यांच्याकडे. आजारपणाच्या त्या सकाळनंतर पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत ती स्वतः होती. नकाशेवाल्यांना तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण तेवढ्यात तिची नजर हलली. ती त्यांच्या चेहऱ्यावरून सुटून खिडकीच्या कोपऱ्यात गेली, तिथे टेकली, आणि मग सावकाश सरकू लागली. खिडकीपासून कपाटापर्यंत. कपाटापासून पलंगाच्या कडेने. खोलीत कुणी चालत असलं की त्याच्यावर डोळा ठेवणारं माणूस बघतं तशी. खिडकीचा पडदा हलला नाही. उन्हाच्या पट्ट्यात उडणारी धूळ मात्र एका जागी दुभंगली आणि पुन्हा मिळाली. तिची नजर त्यांच्या मागे, त्यांच्या उजव्या खांद्याच्या वर येऊन थांबली.

त्यांनी वळून बघितलं नाही. बघावं असं वाटत होतं, मान त्यांची होती, पण ती वळली नाही.

मग बायकोचा डावा हात उठला. एवढ्या महिन्यांत तो आपणहून कुणाकडे गेला नव्हता. तो त्यांच्या गालापर्यंत आला, आणि तिने तळवा त्यांच्या तोंडावर ठेवला. त्यांना वाटलं, माया करतेय. क्षमा करतेय. त्यांचे डोळे भरून आले.

तळवा घट्ट झाला. तिची बोटं त्यांच्या गालात रुतली. ती मान हलवत होती, नाही, नाही, नाही, आणि तिच्या डोळ्यांत विनवणी होती. तेव्हा कुठे नकाशेवाल्यांना तिच्या हाताखाली आपले ओठ जाणवले. ते गोल झाले होते.

मागून काहीही ऐकू आलं नव्हतं. पण छातीतून श्वास वर निघाला होता, त्यांना न विचारता, आणि तिने आपल्या अंगात उरलेलं सगळं बळ एकवटून तो त्यांच्या तोंडातच दाबून धरला.